मोडायचं कधी आणि हात कधी लावायचा नाही: वाचकांचे पैशांचे प्रश्न

या वेळी पैशांबद्दलचे प्रश्न इतके आलेत की दुसरे विषय बाजूला ठेवून सगळं सदर यांनाच दिलंय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही. वाचक वेगवेगळ्या देशांत असतात म्हणून आकडे नुसते आकडेच ठेवलेत, तुमचं चलन जे असेल ते धरा, गणित तेच राहतं. आणि अमुक कंपनीची अमुक स्कीम घेऊ का हे कृपया विचारू नका, ते इथे मिळणार नाही.

प्रश्न: नोकरी लागून तीन वर्षं झाली, पगार वाईट नाही, व्यसन नाही, उधळपट्टी म्हणावी अशीही नाही, तरी महिनाअखेर खातं रिकामं. दर महिन्याला ठरवतो की पुढच्या महिन्यापासून नक्की. खर्च लिहायची ॲप्स पण वापरून झाली. माझं चुकतंय कुठे?

क्रम चुकतोय. तुम्ही आधी खर्च करता आणि उरलं तर वाचवणार असं ठरवता, आणि उरत कधीच नाही, कारण खात्यात जे दिसतं ते आपलंच आहे आणि खर्चायलाच आहे असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पगार वाढला तरी हेच होतं, दोन महिन्यांत खर्च वाढून पगाराला गाठतो आणि मग वाटायला लागतं की आधी एवढ्यात कसं भागत होतं कोण जाणे.

तर पगार जमा झाला की दुसऱ्याच दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात गेली पाहिजे. बँकेला एकदाच स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन ठेवा म्हणजे दर महिन्याला तुम्हाला विचारायला कोणी येणार नाही, कारण विचारलं की तुम्ही या महिन्यात नको म्हणणार, सगळेच म्हणतात. त्या दुसऱ्या खात्याचं कार्ड घेऊ नका, मोबाईलवर त्याचं ॲपही ठेवू नका. पैसे काढायला थोडी कटकट व्हायलाच हवी.

किती काढायचे? 50-30-20 चा फॉर्म्युला तुम्ही वाचला असेलच, म्हणजे निम्मा पगार गरजांना, 30 टक्के हौसेला आणि 20 टक्के बचतीला. ज्याचं घरभाडंच निम्मा पगार खातं त्याला हे सांगून काही उपयोग नाही. 5 टक्क्यांनी सुरू करा, अगदी 3 नी केलं तरी चालेल, पण सुरू याच महिन्यात करा आणि पगारवाढीला जोडून ठेवा. रिचर्ड थेलर (2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल यांनाच मिळालं) आणि श्लोमो बेनार्ट्झी या दोघांनी अमेरिकेत कंपन्यांमधल्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 2004 साली छापून आले. त्यांनी लोकांना आज जास्त वाचवा असं सांगितलंच नाही, पुढची पगारवाढ होईल तेव्हा त्यातला एक भाग आपोआप बचतीत जाईल, याला आज फक्त हो म्हणा, एवढंच. पहिल्या कंपनीत ज्यांनी हो म्हटलं त्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली. त्या लोकांचा स्वभाव काही बदलला नव्हता, त्यांना दर वेळी नव्याने ठरवायला लागत नव्हतं, बस.

ॲपचं म्हणाल तर एकच महिना सगळं लिहा आणि त्या महिन्यात मुद्दाम काही बदलू नका, नेहमीसारखंच वागा. मग त्या यादीत आधी आपोआप कापले जाणारे पैसे शोधा, न बघितलेली सबस्क्रिप्शन्स, न गेलेली जिम, ट्रायल म्हणून घेतलेलं आणि बंद करायचं राहून गेलेलं काहीतरी. आपोआप जाणारे पैसे लक्षात येत नाहीत, म्हणून तर तीच युक्ती बचतीला लावायची. बाकी चहा-कॉफीचा हिशोब करत बसू नका, चिडचिड वाढते आणि हाती फार काही लागत नाही.

प्रश्न: दहा वर्षं न चुकता गुंतवणूक केलीय, आता बरी रक्कम जमलीय. गाडी घ्यायचीय. कर्ज काढून व्याज भरण्यापेक्षा हेच पैसे मोडून रोख घ्यावी असं घरात सगळ्यांचं मत पडलं. निवृत्तीला अजून 20 वर्षं आहेत, तोवर भरून निघेल ना?

आधी आकडे बघू. समजा दर वर्षाच्या शेवटी तुम्ही 1,000 टाकता आणि सरासरी 8 टक्के मिळतात. 30 वर्षांनी साधारण 1,13,000 होतात, त्यातले तुमच्या खिशातून गेलेले फक्त 30,000. आता दहाव्या वर्षी जमलेले सगळे 14,500 तुम्ही काढले आणि अकराव्या वर्षापासून पुन्हा दर वर्षी 1,000 टाकायला लागलात, एकही वर्ष न चुकवता. शेवटी हातात येतात साधारण 45,700. म्हणजे काढले 14,500 आणि कमी झाले 67,500! तीसपैकी फक्त दहा वर्षांचे पैसे काढले पण शेवटची रक्कम जवळजवळ 60 टक्क्यांनी घटली, कारण सुरुवातीला टाकलेल्या पैशाला वाढायला सगळ्यात जास्त वर्षं मिळतात आणि आपण नेमके तेच उचलून नेले.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर हे घाबरवणं झालं. 20 वर्षांनंतरचे 67,500 म्हणजे आजचे 67,500 नव्हेत. महागाई 6 टक्के धरली तर 72 ला 6 ने भागा, 12 आले, म्हणजे 12 वर्षांत भाव दुप्पट. (हा 72 चा नियम फार जुना आहे, इटलीतल्या लुका पाचोली यांच्या 1494 सालच्या गणिताच्या ग्रंथात तो आहे.) त्या हिशोबाने ते 67,500 आजच्या भावात साधारण 21,000 भरतात. म्हणजे 14,500 ची गाडी तुम्हाला 21,000 ला पडतेय. जीव जाण्यासारखं काही नाही, पण रोखीत घेतली म्हणून स्वस्तात पडली असं जे घरात सगळ्यांना वाटतंय ते खरं नाही.

आणि गाडीचं कर्ज 10 टक्क्यांनी असेल आणि गुंतवणूक 8 टक्क्यांनी वाढत असेल तर निव्वळ गणिताने मोडणंच बरं पडतं, हेही खरं आहे. फक्त एका अटीवर. कर्जाचा जो हप्ता बसला असता तेवढी रक्कम तुम्ही दर महिन्याला, नेहमीच्या गुंतवणुकीशिवाय वेगळी, परत भरली पाहिजे. गंमत अशी की बँकेचा हप्ता चुकला तर फोन येतात, स्वतःचा हप्ता चुकला तर कोणीच फोन करत नाही, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात काहीतरी खर्च निघतोच. म्हणून मोडायचेच असतील तर ज्या दिवशी मोडाल त्याच दिवशी परतफेडीची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावा. दुसऱ्या दिवशी नको.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं थांबा, गाडीसाठी वेगळं खातं काढा आणि जमेल तेवढ्यात बसणारी गाडी घ्या. निवृत्तीच्या पैशाला एकदा हात लागला की दुसऱ्यांदा लावताना काहीच वाटत नाही, हा माझा खरा आक्षेप आहे, तो गणिताचा नाही.

प्रश्न: क्रेडिट कार्डाचं बिल थकलंय. दर महिन्याला मिनिमम ड्यू (बिलातली निदान भरावीच लागणारी रक्कम) न चुकता भरतो, एकदाही उशीर केलेला नाही, तरी बाकी कमीच होत नाही. बँकेची काही चूक असेल का? बाजूला थोडी बचत आहे पण ती मोडायची नाही असं ठरवलंय.

बँकेची चूक नसणार, मिनिमम ड्यू हा प्रकारच असा बनवलेला असतो. समजा बाकी 10,000 आहे आणि व्याज महिना 3 टक्के. महिन्याअखेर बिल झालं 10,300. मिनिमम ड्यू 5 टक्के म्हणजे 515. तुम्ही 515 भरलेत, त्यातले 300 व्याजातच गेले, मुद्दल कमी झालं फक्त 215 ने. पुढच्या महिन्याला बाकी 9,785, तिचे 5 टक्के अजून थोडे कमी, म्हणजे तुम्ही भरणारी रक्कमही दर महिन्याला लहान होत जाते आणि ती लहान होतेय म्हणून बरं पण वाटतं. नवीन एक पैसाही खर्च न करता असंच भरत राहिलात तर बाकी निम्मी व्हायलाच 32 महिने लागतात. तोवर तुम्ही एकूण 12,000 भरलेले असता आणि डोक्यावर अजून 5,000 असतातच. शिवाय महिना 3 टक्के म्हणजे वर्षाला 36 असं वाटतं पण व्याजावर व्याज धरलं की ते साडेबेचाळीसच्या वर जातं.

मागच्या प्रश्नाला मी मोडू नका म्हटलं, इथे मात्र मोडा. बचतीवर 6-8 टक्के मिळवायचे आणि कार्डाला 42 टक्के द्यायचे याला बचत म्हणत नाहीत. एक-दीड महिन्याचा घरखर्च बाजूला ठेवा आणि बाकी सगळी बचत कार्डावर टाका. उरलेल्यासाठी कमी व्याजाचं पर्सनल लोन मिळत असेल तर ते घेऊन कार्ड बंद करणं परवडतं, पण कार्ड खरंच बंद करायचं, नाहीतर लोन पण आणि कार्ड पण, आगीतून फुफाट्यात. आणि बाकी पूर्ण फिटेपर्यंत त्या कार्डावर नवीन काही घेऊ नका, कारण बहुतेक कार्डांवर जुनी बाकी असेल तर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते बिनव्याजी दिवस वगैरे मिळत नाहीत.

दोन-तीन कर्जं असतील तर आधी कुठलं, असंही तुम्ही पुढे विचारलंय. जास्त व्याजाचं आधी, हे गणिताने बरोबर. काही लोकांना सगळ्यात छोटं कर्ज आधी संपवलं की हुरूप येतो आणि मग ते पुढे टिकतात. तुम्ही एकदाही तारीख चुकवलेली नाही म्हणजे शिस्तीचे दिसता, जास्त व्याजाचंच आधी घ्या.

प्रश्न: इमर्जन्सी फंड नक्की किती हवा? आणि तो नुसता पडून राहतो, त्याचं वाईट वाटतं.

तीन ते सहा महिन्यांचा अत्यावश्यक खर्च, म्हणजे भाडं, किराणा, हप्ते, फी, औषधं. पगार नव्हे, खर्च मोजायचा. घरात एकच कमावतं असेल किंवा नोकरीचा भरवसा नसेल तर नऊ ते बारा महिन्यांचा. ठेवायचा अशा ठिकाणी की एक-दोन दिवसांत हातात येईल आणि काढताना किंमत पडलेली नसेल. त्यावर व्याज कमी मिळतं म्हणून हळहळू नका. घरात अडचण आली तेव्हा वरच्या गाडीवाल्यांसारखी दहा वर्षांची गुंतवणूक मोडायला लागली नाही, की याचं व्याज वसूल झालं.

प्रश्न: मी फ्रीलान्स काम करते. कधी एकदम तीन महिन्यांचे पैसे येतात, कधी दोन महिने काहीच नाही. दर महिन्याला ठरावीक रक्कम वाचवा हे सल्ले आम्हाला लागूच होत नाहीत.

होतात ताई, पण त्याआधी एक पायरी लागते. तुम्ही स्वतःला पगार द्यायचा.

येणारे सगळे पैसे एका खात्यात येऊ द्या, त्या खात्यातून खर्च करायचा नाही. आल्या आल्या त्यातला टॅक्सचा अंदाजे भाग वेगळा काढा, तो तुमचा नाहीच असं समजा, कारण फ्रीलान्सरांची सगळ्यात मोठी घसरगुंडी इथेच होते, वर्षभर सगळं आपलंच म्हणून खर्च होतं आणि टॅक्स भरायच्या वेळी कर्ज काढायला लागतं. मग गेल्या वर्षाचं उत्पन्न बघा. सरासरी काढू नका, त्यातले जे बेताचे महिने होते त्यांच्या आसपासचा आकडा धरा, तेवढा पगार दर महिन्याच्या एक तारखेला घरखर्चाच्या खात्यात आपोआप जाऊ दे. बचत त्या पगारातून, नोकरीवाल्यांसारखीच.

मोठं पेमेंट आलं की हात शिवशिवतात, ते साहजिक आहे. तेव्हा एकच बघायचं, पहिल्या खात्यात पुढच्या चार-सहा महिन्यांचा पगार शिल्लक आहे का. नसेल तर आलेलं सगळं तिथेच राहू द्या. असेल तर वरच्यातला काही भाग लांबच्या गुंतवणुकीला आणि काही भाग खुशाल मजेला, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. सहा महिन्यांनी एकदा बसून पगार वाढवायचा की कमी करायचा ते ठरवा, मध्ये मध्ये नको. मध्येच वाढवला की सवय लागते आणि कमी करताना जड जातं.

आणि क्लायंटकडे थकलेली बिलं उत्पन्नात मोजू नका. पैसे खात्यात दिसले की मगच ते तुमचे.

प्रश्न: दर महिन्याला इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणेच शेअर्स घेणाऱ्या फंडात) टाकतोय. बाजार पडला आणि वर्षभराची सगळी वाढ गेली. थांबवू का? बाजार वर आला की पुन्हा सुरू करेन.

वर आलाय हे तुम्हाला कधी कळणार? बरंच वर गेल्यावरच कळणार ना, म्हणजे महाग झाल्यावर घेणार आणि आता स्वस्त असताना थांबणार. दर महिन्याला सारखीच रक्कम टाकायचा फायदाच हा असतो की भाव पडला की त्याच पैशात जास्त युनिट्स येतात, आणि तुम्ही नेमका तोच महिना गाळायला निघालात.

पण बाजार शेवटी वर जातोच असं जे सर्रास सांगितलं जातं ते मी सांगणार नाही. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक डिसेंबर 1989 मध्ये 38,915 वर गेला होता, तो आकडा पुन्हा ओलांडायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. 34 वर्षं! कोणाची पूर्ण नोकरी त्यात संपली असेल. दर महिन्याला थोडं थोडं घेत राहिलेल्यांची अवस्था 1989 मध्ये एकदम सगळं टाकलेल्यांपेक्षा पुष्कळ बरी होती हे खरं, तरी एकाच देशाच्या एकाच बाजारावर म्हातारपण लावायचं नाही एवढं त्यातून घ्या. आणि 5-7 वर्षांत लागणारे पैसे शेअर बाजारात असूच नयेत. 50 टक्के पडलं तर नुसतं बरोबरीला यायला 100 टक्के वर जायला लागतं, आणि तेवढ्यात मुलीची फी भरायची तारीख येते.

जाता जाता, तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही ते बघा, फंडाचा वार्षिक खर्च. सामान्य माणसासाठीचा पहिला इंडेक्स फंड जॉन बोगल यांनी 1976 साली अमेरिकेत आणला तो याच खर्चाच्या मुद्द्यावर. 8 टक्क्यांनी 30 वर्षांत पैसे दहापट होतात, 1 टक्का खर्चात गेला आणि 7 च उरले तर साडेसातपट. म्हणजे 1 टक्क्याच्या फीने शेवटच्या रकमेचा चौथा हिस्सा खाल्ला. बाजाराचं काय होणार ते तुमच्या हातात नाही, फी मात्र तुम्ही निवडू शकता.

प्रश्न: ऑफिसमधले एक सहकारी महिना 4 टक्के गॅरंटीड देणाऱ्या स्कीममध्ये आहेत, त्यांना आठ महिने वेळेवर पैसे मिळतायत, मी स्वतः त्यांच्या खात्यात बघितलेत. तरी तुम्ही नकोच म्हणाल का?

हो, नकोच. महिना 4 टक्के चक्रवाढीने वर्षाला 60 टक्के होतात आणि दहा वर्षांत 1 चे 110. ज्याला हे खरंच जमतं तो तुमच्या ऑफिसात पैसे गोळा करत कशाला फिरेल? आठ महिने वेळेवर मिळाले हा पुरावा नाही, तीच तर यातली मेख आहे. 1920 साली बोस्टनमध्ये चार्ल्स पाँझी 45 दिवसांत 50 टक्के देत होता, पोस्टाच्या आंतरराष्ट्रीय कूपनांच्या धंद्यातून कमावतो असं सांगायचा, सुरुवातीच्या लोकांना पैसे चोख मिळाले आणि त्यांनीच पुढचे लोक आणले. पैसे मागून येणाऱ्यांचे होते, कूपनांचे नव्हते. पहिल्यांना वेळेवर देणं हा त्याचा जाहिरातीचा खर्च होता. तुमचे सहकारी खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच मिळतायत, पण ते बहुतेक तुमच्यासारख्यांचेच आहेत. त्यांना नीट सांगा की मुद्दल काढून बघा. व्याज सगळे देतात, मुद्दल मागितलं की खरं काय ते कळतं.

प्रश्न: घराचं 20 वर्षांचं कर्ज आहे, 9 टक्क्यांनी. बोनस आला की कर्जात भरू की गुंतवू?

आधी इमर्जन्सी फंड पूर्ण आहे का ते बघा. असेल तर कर्जात भरणं म्हणजे खात्रीचे 9 टक्के मिळवणं, टॅक्सची सवलत वगैरे धरून ते थोडे कमी होतील, पण खात्रीचे. वर्षाला फक्त एक हप्ता जास्तीचा भरलात तरी 20 वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांच्या आत-बाहेर संपतं. जे काही भरायचं ते पहिल्या वर्षांत भरा. 1,00,000 च्या कर्जाचा पहिला हप्ता 900 असेल तर त्यात 750 व्याज आणि फक्त 150 मुद्दल असतं, शेवटी शेवटी उलटं होतं, तेव्हा भरून फारसं काही वाचत नाही. निवृत्तीचं काहीच साठवलं नसेल तर मात्र बोनस निम्मा-निम्मा करा.

प्रश्न: विमा घेतोय. एजंट म्हणतो टर्म घेतला तर जिवंत राहिल्यास काहीच परत मिळत नाही, पैसे वाया. परत मिळणारा घे.

जिवंत राहिलात याहून आणखी काय परत हवंय! तुमच्या कमाईवर कोणी अवलंबून असेल तर साधा टर्म इन्शुरन्स, मोठ्या रकमेचा, मुलं कमावती होईपर्यंत. कोणी अवलंबून नसेल तर आयुर्विमा नको, आरोग्य विमा घ्या. परत मिळणाऱ्या पॉलिसीत तेवढ्याच हप्त्यात संरक्षण फार कमी येतं आणि जे परत मिळतं ते वाढतही बेताचंच. टर्म आणि परतवाली, दोन्हींचे हप्ते एकाच विमा रकमेसाठी मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा, फरकाचे पैसे वेगळे गुंतवले तर किती होतात तेही बघा. आणि फॉर्मवर तब्येतीचं सगळं खरं लिहा, सिगरेट ओढत असाल तर ओढतो म्हणून लिहा. हप्ता थोडा वाढेल पण क्लेम अडकणार नाही.

प्रश्न: घरातले सगळे व्यवहार नवरा बघतो. चांगलं बघतो, तक्रार नाही. पण मला काहीच माहीत नाही, आणि विचारलं तर त्याला वाटतं की माझा विश्वास नाही. मी पंचावन्न वर्षांची आहे, आता शिकून काय होणार असंही वाटतं.

शिकायचं फार नाहीये, एक दुपार पुरते. आणि विश्वासाचा विषय काढूच नका, त्यांना सरळ म्हणा की तुम्ही आठ दिवस हॉस्पिटलमध्ये असाल तर मी बिल कुठून भरू, मला दाखवून ठेवा. याला कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणत नाही.

दोघांनी बसून एक यादी करायची, हाताने लिहिली तरी चालेल. कुठल्या बँकेत कुठली खाती, कुठली दोघांच्या नावावर आणि कुठली एकट्याच्या. गुंतवणुका कुठे, कागद कुठे. विमा पॉलिसीचा नंबर आणि क्लेमसाठी कोणाला फोन करायचा. कर्जं कुठली आणि हप्ता कुठल्या खात्यातून जातो. कोणाला हातउसने दिलेत का. कोणासाठी जामीन राहिलेत का, हे तर आवर्जून विचारा, कारण मित्राच्या कर्जावर केलेली सही पुष्कळदा घरात सांगितलेलीच नसते आणि मित्राने भरलं नाही की बँक सही करणाऱ्याकडे येते.

मग प्रत्येक खात्याला नॉमिनी कोण ते तपासा. लग्नाआधीच्या खात्यांवर अजून आई-वडिलांचं नाव असतं, कोणाच्या लक्षातही नसतं. नॉमिनी हाच मालक होतो असं सगळीकडे नसतं, तो कायदा देशागणिक वेगळा आहे, म्हणून मृत्युपत्र वेगळं करा आणि ते दोघांचंही करा.

घरखर्चाचं निदान एक खातं तरी असं हवं की जे तुम्ही एकट्याने चालवू शकता, आणि त्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च असू दे, कारण एकट्याच्या नावावरची खाती माणूस गेल्यावर काही काळ अडकून पडतात. पुढचे तीन महिने घरातली सगळी बिलं तुम्ही भरा, ते शेजारी बसून बघतील. पहिल्या महिन्यात चिडचिड होईल, दोघांचीही. यादीत पासवर्ड लिहू नका, ते वेगळे ठेवा. यादीवर तारीख टाका, वर्षातून एकदा नवी करा, आणि ती कुठे ठेवलीय हे तुमच्या मुलांपैकी एकाला तरी सांगून ठेवा.